थांबलेल्या हाताची उकल

माझ्या डोक्यात गेली तीन वर्षं लोक चपला घालून फिरताहेत. थोडेथोडके नाहीत, चौदा लाख. हेडफोन लावतात, आत शिरतात, दिसेल त्या वस्तूला हात लावतात, एखाद्या कोपऱ्यात उभं राहून हुंदके देतात आणि बाहेर पडून पाच तारे देतात. त्यांना वाटतं हे डोकं निनाद मगदूमचं आहे. त्यांना तसं वाटावं म्हणून कागदावर सही मीच केलेली आहे, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. किळस मात्र येते. सकाळी दात घासतानासुद्धा येते.

निनाद, मी आणि इरफान, आम्ही तिघं सांगलीत गेम बनवायचो. गणपती पेठेत बियाण्यांच्या दुकानावर एक खोली होती, तिला आम्ही मोठ्या तोऱ्यात स्टुडिओ म्हणायचो. निनाद जग उभं करायचा, मी गोष्ट आणि संवाद लिहायचे, इरफान आवाज करायचा. 'पुरातलं टपाल' हा आमचा तिसरा गेम. त्यात तुम्ही पोस्टमन असता. कृष्णेला पूर आलाय, गाव पाण्यात आहे आणि होडीतून घरोघरी पत्रं पोचवायची आहेत. शेवटचं पत्र माळ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याचं. तो होडीत यायला तयार नाही. तुम्ही काहीही केलंत तरी शेवटी होडी रिकामीच वाहून जाते आणि पोस्टमन त्या म्हाताऱ्याशेजारी बसून राहतो.

गेम बाहेर यायच्या सोळा दिवस आधी निनाद गेला. संध्याकाळी माधवनगर रोडला स्कूटरवर होता, पुढं उसाची ट्रॉली, तिला मागं दिवा नाही. आमच्याकडं नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले की अशी माणसं जातात. सगळ्यांनी अपघात म्हणून मान्य केलं. अण्णांनीही केलं. अण्णा म्हणजे त्याचे वडील, भूपाल मगदूम. मिरजेत त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान. बायको आधीच गेलेली, घरात बाप आणि लेक दोघंच.

सहा वर्षं सगळं शांत होतं. मग 'उकल' आली.

ही काय भानगड आहे ते सांगते, कारण तिच्यातलं विज्ञान खोटं नाही, आणि तेच जास्त चिडायला लावतं. संगणकावर काम करणाऱ्या कुणाच्याही प्रत्येक बदलाची नोंद राहते. कुठली ओळ कधी लिहिली, किती वेळा पुसली, पुसण्याआधी हात किती सेकंद थांबला, माऊस किती थरथरला. पूर्वी ही नोंद फक्त चूक झाली तर मागं जाता यावं म्हणून ठेवत. काही संशोधकांनी तीनेक हजार कलावंत घेतले, काम करताना त्यांची नाडी मोजली, तळहाताचा घाम मोजला आणि दर दहा मिनिटांनी विचारलं, आत्ता मनात काय आहे? मग ते सगळं त्या नोंदींशी जुळवून बघितलं. घाबरलेला माणूस ओळ पुसतो आणि कंटाळलेला माणूस ओळ पुसतो, यांत फरक निघाला. तो फरक यंत्र शिकलं. आता त्याला कुठल्याही कामाची जुनी नोंद द्या, ते काम करताना माणसाच्या आत काय चाललं होतं ते ओळीओळीला सांगतं. माणूस मेला असेल तरी सांगतं. त्याच्या आवाजाचे चार जुने तुकडे दिले तर त्याच्याच आवाजात सांगतं.

झालं. लोकांना गोष्ट नको झाली, तिची उकल हवी झाली. चित्र बघायचं, बटण दाबायचं, चित्रकार कानात बोलतो. शाळेत आपल्याला 'कवीला काय म्हणायचे आहे?' असा एक प्रश्न असायचा आणि आपण मनाला येईल ते ठोकून द्यायचो. आता त्याला एकच उत्तर. माझी मुलगी मुक्ता चौथीत आहे. त्यांना म्हाताऱ्याचा तो प्रसंग पाठ म्हणून लावलाय. हिनं लिहिलं, म्हाताऱ्याची कोंबडी कौलांवर अडकली असेल म्हणून तो खाली येत नाही. बाईंनी शून्य दिलं आणि शेजारी लाल शाईत लिहिलं, 'निर्मात्याच्या उकलीशी जुळत नाही.'

निर्मात्याची उकल अशी. शेवटच्या प्रसंगात निनादचा आवाज सुरू होतो, त्याचा तो किंचित बसका, हसरा आवाज. "हा प्रसंग मी अकरा आठवडे लिहीत होतो. म्हाताऱ्याचं वाक्य एकेचाळीस वेळा पुसलं. रोज संध्याकाळ झाली की माझा हात थांबायचा. घरी जायची वेळ झाली की पोटात गोळा यायचा. त्या होडीत मला परत बसायचंच नव्हतं." त्यावर कंपनीची एक पाटी येते. या नोंदींनंतर पाच दिवसांनी निर्मात्याचा घराच्या विरुद्ध दिशेच्या रस्त्यावर मृत्यू झाला. बाकी काही लिहीत नाहीत, वकिलांनी नको सांगितलं असणार. प्रत्येक जण समजायचं ते समजला.

अण्णाही तेच समजले. पोरानं जीव दिला आणि तो आपल्यामुळं दिला.

मग भाविक यायला लागले. दुसरा शब्द नाही. पुण्याहून, नागपूरहून पोरंपोरी यायची, दुकानाच्या शटरवर फुलं ठेवायची, त्या सत्तरीच्या माणसाबरोबर फोटो काढायची. एकीनं त्यांचे हात धरून सांगितलं, "मी तुम्हाला माफ केलंय, अंकल." हिनं! कोण ही? कुणीतरी शटरवर रंगानं लिहिलं, 'आता तरी बोला, अण्णा'. अण्णांनी दुकान बंद केलं ते उघडलंच नाही.

मगदूम जैन. घरी दिवस मावळायच्या आत जेवायचं, नंतर घास नाही, हा अण्णांचा एकच कडक नियम. निनादशी त्यांचं शेवटचं भांडण त्यावरूनच झालेलं. आता त्यांनी संध्याकाळचं जेवण सोडलं. "ज्या जेवणापायी पोरगं गेलं, ते मी कशाला जेवू?" सकाळी अर्धी भाकरी, बस. त्यांची पुतणी मला फोनवर म्हणाली, "डॉक्टर सांगून गेलेत. असंच चाललं तर अण्णा वर्ष काढत नाहीत."

आणि यातलं सगळं मला थांबवता येत होतं, कारण तो हात निनादचा नव्हता. माझा होता.

आमच्याकडं गेम बनवायच्या महागड्या सॉफ्टवेअरचा एकच परवाना होता, निनादच्या नावाचा. एक खातं, एक खुर्ची. जो उठेल त्याच्या जागी दुसऱ्यानं बसायचं. छोट्या स्टुडिओत सगळे असंच करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. शेवटचा प्रसंग माझ्याकडं होता. मुक्ता तेव्हा चार महिन्यांची. बाळंतपणानंतर मी कामावर आले आणि त्या खुर्चीत बसले ती मला उठावंसंच वाटेना. घरी बाळ रडत असायचं, सासूबाई वाट बघत असायच्या, माझा नवरा प्रसन्न काळजीनं अर्धा झालेला, आणि मला फक्त एवढंच वाटायचं की ती होडी निघून जावी. मला घरी परत जायचं नव्हतं. पुढं डॉक्टरांना दाखवलं, औषधं घेतली, बरी झाले. पण ते यंत्र जे वाचतंय ते बरोबर वाचतंय. एकेक सेकंद बरोबर. फक्त हात कुणाचा हे ते विचारत नाही, खातं कुणाचं एवढंच बघतं.

कंपनीनं उकलीसाठी गेम मागितला तेव्हा इरफान परदेशी गेलेला होता, सही माझी हवी होती. काम एकहाती असेल तरच उकल, असा त्यांचा नियम. 'खात्यातील सर्व काम निनाद मगदूम यांचे' असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. निनादचं नाव राहील, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. काम माझं आहे असं म्हटलं असतं तर उकल माझी झाली असती.

पुतणीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले. बाणेरला कंपनीचं काचेचं ऑफिस. ऋग्वेद नावाचा तिशीचा एक तुकतुकीत माणूस समोर आला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. त्याचे डोळे चमकले.

"एका खात्यात दोन मनं! केतकी मॅम, हे अमेझिंग आहे. आपण रीलाँच करू. आधीची उकल आणि खरी उकल, शेजारी शेजारी."

"आधीची काढून टाका. तो माणूस मरायला टेकलाय."

"काढू ना. पण सिस्टीमला प्रूफ लागतं. तुम्ही वीस मिनिटं आमच्या मशीनवर टाइप करायचं, तुमच्या हाताचं सॅम्पल मॅच झालं की आवाज आपोआप तुमचा होईल. सगळ्या चौदा लाख कॉप्यांमध्ये."

"माझ्या मुलीला शाळेत लावलंय ते."

त्यानं मान डोलावली, अगदी समजूतदारपणे. "नो इश्यू. ती मायनर आहे, तिची कन्सेंट लागत नाही."

खरं सांगायचं तर त्या माणसापेक्षा जास्त शिसारी मला माझीच आली, कारण मी सही न करता उठले. 'विचार करून सांगते' म्हणाले. फोनवर त्यांचा संमतीचा अर्ज आला होता, तो तसाच ठेवला. हक्क म्हणून मी नोंदींची प्रत तेवढी मागून घेतली. त्यानं एका पानावर पिवळी खूण करून दिली. "हा मेन पुरावा बघा. रोज संध्याकाळी हात वीस-बावीस मिनिटं थांबतो. आणि दर आठवड्याला थोडा आधी. पहिल्यांदा सहा-वीसला, शेवटी पाच-पस्तीसला. घरी जाणं टाळायची ओढ वाढत गेलीय. क्लासिक पॅटर्न."

परतीच्या वाटेवर माझा हिशेब ठरला होता आणि तो भित्र्या माणसाचा होता. अण्णांना एकट्याला सांगायचं. त्यांना पटलं की ते जेवतील, मुक्ताला काही कळणार नाही, आणि गेममधला निनाद चौदा लाख लोकांना काय सांगायचं ते सांगत राहील. मेलेल्याला काय फरक पडतो?

मी थेट मिरजेला उतरले तेव्हा साडेचार वाजले होते. अण्णा बंद दुकानामागच्या खोलीत खाटेवर बसले होते. शर्ट अंगात लोंबत होता. समोर फळीवर टॅबलेट, त्यात गेम उघडा. म्हातारा माळ्यावर, पाणी, होडी.

"ये केतकी," ते म्हणाले. "बस. तो बोलायचा थांबलाय आत्ताच."

मी सांगितलं. खुर्ची, खातं, अकरा आठवडे, माझा हात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"मला बरं वाटावं म्हणून बोलालीस. कळतंय मला."

"नाही अण्णा. शप्पथ."

"मशीन खोटं कशाला बोलंल? त्याला काय पडलंय? माणसाला पडलेलं असतंय." त्यांनी टॅबलेटकडं बोट केलं. "जित्तेपणी पोरगं माझ्याशी दोन वाक्यं धड बोललं नाही. आता बोलतंय तर वाईट बोलतंय, पण बोलतंय. ते पण तू तुझं म्हणून घेऊन जातीस होय?"

मी पिशवीतनं नोंदींची ती पानं काढून त्यांच्या हातात दिली. पुरावा तोच, पण माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. "मशीन यावरनं सांगतंय सगळं. हात रोज थांबायचा म्हणे. थांबायचा तो माझा हात, कारण निनाद उठवायचा मला. डबा उघडायचा आणि म्हणायचा, खा. अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवायचा आणि मी संपवेपर्यंत मला की-बोर्डला हात लावू द्यायचा नाही."

अण्णांनी चष्मा लावला. आयुष्यभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजलेला माणूस, आकडे वाचायची त्यांना सवय. त्यांचं बोट पानावरून खाली सरकत गेलं. एक सप्टेंबर, सहा-वीस. आठ सप्टेंबर, सहा-पंधरा. मग ते उठले, भिंतीवरचं समाजाचं कॅलेंडर काढून आणलं. त्यात प्रत्येक तारखेखाली सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ असते.

"हे यंदाचं आहे, अण्णा."

"सूर्य काय दरसाली वेळ बदलतोय होय?"

त्यांनी कागद आणि कॅलेंडर शेजारी शेजारी मांडलं आणि सगळ्या अकरा आठवड्यांची पानं लावून बघितली. एकदा बघून झाल्यावर परत पहिल्यापासून बघितली. मी शेजारी बसून बघत होते आणि मलाही दिसलं. रोज मावळतीच्या आधी बावीस-तेवीस मिनिटं. दिवस लहान होत गेले तशी वेळ अलीकडं येत गेली. त्या तीन हजार कलावंतांत दिवसाउजेडी जेवणारा एकही नसावा.

"जेवत होता," अण्णा म्हणाले.

"हो."

"सकाळी जाताना दोन भाकरी जास्तीच्या न्यायचा. मी विचारलं कशाला, तर हसायचा. रात्री आला की म्हणायचा, जेवलोय. मला वाटायचं हॉटेलात गिळून येतोय. शेवटच्या दिवशी सकाळी मी म्हणालो त्याला, बापाशी खोटं बोलतोस आणि रात्रीचं खातोस, जनावर आहेस." त्यांचा आवाज फुटला नाही, उलट स्पष्ट झाला. "जेवून घ्यायचा तो. वेळेत."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला इतकं हलकं वाटलं की मी उठायलाच निघाले. काम झालं होतं. मुक्ता वाचली होती. हे मनात आलं तेव्हाही मला स्वतःची लाज वाटली, पण निघायचं मी थांबवलं नाही.

"मग उशीर कशापायी व्हायचा?" अण्णांनी विचारलं. "सहा-पावणेसातला जेवण उरकलं, तर घरी यायला नऊ का वाजायचे? आणि त्या दिवशी माधवनगर रोडला काय करत होता तो?"

हा प्रश्न त्यांनी मला एकदा विचारला होता. निनाद गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, याच खोलीत. तुम्ही माधवनगरला राहता ना, तुमच्याकडं आला होता काय? प्रसन्न माझ्या शेजारी उभा होता, मुक्ता खांद्यावर झोपलेली. मी नाही म्हणाले होते.

"मला सोडायला आला होता," मी म्हणाले. "रोज यायचा. मी खुर्चीतनं उठायचे नाही, तो बसून राहायचा. काही विचारायचा नाही. मी उठले की स्कूटरवर घालून गेटपर्यंत सोडायचा, मी जिना चढल्याशिवाय गाडी वळवायचा नाही. त्या दिवशीही सोडलं. दहा मिनिटांनी झालं ते."

अण्णांनी चष्मा काढून कॅलेंडरवर ठेवला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गॅरेजमध्ये हातोडा मारत होतं.

"ट्रॉली सांगलीकडं चालली होती म्हणाले होते पोलीस."

"हो."

"मागनं धडकला. म्हणजे तोंड घराकडं होतं त्याचं."

"हो, अण्णा."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. चहाचा घोट घेतल्यावर तळाशी झुरळ दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला. राग नव्हता त्यात. रागाला मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती किळस होती, आणि ती वाचायला मला कुठलंही यंत्र लागलं नाही.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. "नऊ वर्षं ठाऊक होतं तुला."

त्यांनी टॅबलेट माझ्याकडं सरकवला.

"त्याच्या तोंडनं ते खोटं बोलतंय. बंद कर."

"त्यासाठी मला माझा हात द्यावा लागेल. मग ते सगळं माझ्या आवाजात होईल. घरी जायचं नव्हतं, पोटात गोळा यायचा, सगळं. माझी मुलगी ऐकेल, अण्णा. तिच्याबद्दल आहे ते."

"ऐकू दे की. मी ऐकलं न्हवं तीन वर्षं?"

मी फोन काढला. ऋग्वेदचा अर्ज उघडला, अंगठा टेकवला. उद्या अकराची वेळ मिळाली. अण्णा स्क्रीनवर हिरवी खूण येईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी टॅबलेट पालथा घातला आणि आत जाऊन फळीवरचं ताट काढलं. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"जा तू आता," ते आतूनच म्हणाले. "दिवस मावळायला आलाय. मला जेवायचंय."